कातडं आणणारी

“कातडं हिला आणू द्या. हिच्या घरचाच धंदा आहे. हिला वास येत नाही.”

सर असं म्हणाले आणि अख्खी लॅब हसली.

मी एप्रनचं बटण लावत होते. ते लावत राहिले. एकदा लागलं, तरी पुन्हा काढून लावलं. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं.

जालन्यातलं एक खाजगी फार्मसी कॉलेज. माझं एम.फार्मचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा पहिला दिवस. सर म्हणजे माझे गाईड. त्यांच्या सहीशिवाय आमच्यातल्या कुणालाच डिग्री न्हवती. आमचा विषय होता दुखण्यावरचं औषध कातडीतून आत पोचवणारं जेल. आता असं जेल माणसावर लावायच्या आधी मेलेल्या जनावराच्या कातडीवर तपासून बघतात. काचेच्या नळीच्या तोंडावर कातडीचा तुकडा ताणून बसवायचा. वरनं जेल, खालनं कोमट खारं पाणी. मंग खालचं पाणी काढून काढून बघायचं, औषध किती उतरलं. त्यासाठी बकऱ्याचं ताजं कातडं लागतं. ते खाटकाकडनं आणावं लागतं. कुणीतरी जायलाच पाहिजे होतं, हे खरं. मलाच का, ते सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आम्ही धनगर. माझा आजा मेंढरं घेऊन हिंडायचा, बाप पण हिंडला. पाळणं आणि कापणं यातला फरक सरांना माहीत न्हवता असं न्हाई. त्यांना तो करायचाच न्हवता. खाटकाचा धंदा हलका असं मी म्हणत न्हाई. माझ्या घरात तो न्हवता, एवढंच.

मी गेले. जुन्या जालन्यात धान्याच्या आडती संपल्या की एक बोळ आहे, तिथं. दुकानात एक दाढीवाले चाचा होते. मी कशाला आले ते सांगितलं तर त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, “बेटी, कॉलेज में कोई लड़का नहीं था क्या?”

मी म्हणाले, “है.”

पोटाकडचं, पातळ, बिन-फाटलेलं कातडं त्यांनी निवडून दिलं. पेपरात गुंडाळलं, दोन पिशव्यांत घातलं. पिशवीच्या बाहेर रक्त लागलं होतं ते स्वतःच्या फडक्याने पुसलं. त्या वर्षात माझ्याशी इतक्या अदबीने वागलेला माणूस मला कॉलेजात भेटला न्हाई.

येताना ऑटोत शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला आणि सरकून बसली. पिशवी मी पायापाशी धरली होती. ती गरम होती.

लॅबमध्ये केस भादरायचे, खालची चरबी बोथट पात्याने खरवडायची, धुवायचं, उजेडात धरून कुठं भोक पडलंय का बघायचं. ते सगळं मीच केलं. बाकीचे खिडकीपाशी उभे राहिले. दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं न्हाई. दुसऱ्या खेपेपासून माझं नाव पडलं. कातडी. पोरं म्हणायची ते ठीक, पोरं काय, कुणालाही काहीही म्हणतात. पण सरही म्हणायला लागले. “ए कातडी, तुकडे कापून झाले का?” “कातडीला विचारा, ती सांगेल.” हजेरीला मात्र ते माझं पूर्ण नाव घ्यायचे, आडनावावर जरा थांबून.

मी ऐकून घेत होते. का, ते सांगते.

माझ्या बापाला, आबाला, गुडघ्याने धरलं होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं आमचं गाव. मेंढरं विकून टाकली तरी आबाचं हिंडणं सुटलं न्हाई. दुसऱ्याच्या शेळ्या राखायचा, माळ तुडवायचा. गुडघा सुजला की गावातल्या डॉक्टरकडनं गोळ्या आणायचा. दुखायचं थांबायचं. मंग पुन्हा माळ. अशा गोळ्या त्याने वर्षानुवर्षं खाल्ल्या, बऱ्याचदा उपाशीपोटी. मी बी.फार्मला असताना एक दिवस त्याला काळी संडास झाली आणि तो अंगणात चक्कर येऊन पडला. पोटात आतून रक्त जात होतं. गोळीने गुडघा गप केला आणि पोट फाडलं.

तो वाचला. पण डॉक्टर म्हणाले, आता ही गोळी पोटात जाता कामा नये. आबाने विचारलं, “मंग चालू कसा?” डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेव्हाच मी ठरवलं की एम.फार्मला हाच विषय घ्यायचा. तेच औषध, पण पोटातून न्हाई. वरनं लावायचं, जिथं दुखतं तिथंच उतरवायचं. बाजारात अशा ट्यूबा मिळतात. मिळत न्हाईत असं मी म्हणत न्हाई. पण आबाच्या कातडीवर त्या नुसत्या थंड लागायच्या. उन्हाने रापलेली, माळावरच्या काट्यांनी घट्ट झालेली कातडी ती. औषध वरच राहायचं आणि धोतराला पुसलं जायचं. मला अशा माणसासाठी जेल करायचं होतं. कातडी सिनेमातल्या बाईची असते असं धरून चालणारं न्हाई.

म्हणून मी गप बसत होते. सही त्यांची होती.

काम मात्र मी असं केलं की मला आजही त्याचा अभिमान आहे. जेल करणं बघायला सोपं दिसतं. पांढरी भुकटी पाण्यात टाकायची, तर ती वर तरंगते, गुठळ्या होतात, आतून कोरडी राहते. धीर धरावा लागतो. भिजू द्यावी लागते. मंग थेंब थेंब दुसरं रसायन घातलं की पातळ पाणी एकदम उभं राहतं, भांडं तिरकं केलं तरी हलत न्हाई. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी एकटीच होते आणि एकटीच खूश झाले. पण जेल उभं राहिलं म्हणजे झालं न्हाई. त्यात औषध विरघळून राहिलं पाहिजे. माझं राहत न्हवतं. बोटांत चोळलं की बारीक वाळू लागायची. कधी चिकट व्हायचं, कधी पाणी सुटायचं. कधी सगळं छान दिसायचं आणि कातडीच्या खाली एक कण उतरायचा न्हाई.

कातडी ही राखणदार असते. बाहेरचं आत सोडायचं न्हाई, हेच तिचं काम. तिला थोडं सैल करणारे पदार्थ असतात, निलगिरीचं तेल, पुदिन्याचं सत्त्व, असे. कमी पडले तर ती सोडत न्हाई. जास्त झाले तर सोलून निघते. मधली जागा बारीक असते. ती जागा शोधायला माझं अख्खं वर्ष गेलं. मी जुन्या जालन्याला जात राहिले, चाचा पेपरात गुंडाळून देत राहिले, आणि एका संध्याकाळी नळीच्या खालच्या पाण्यात औषध आलं. भरपूर आलं. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा आलं.

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून आकडे बघितले, माझ्याकडे न्हाई. म्हणाले, “बरं झालंय.” आणि मंग म्हणाले, “यावरच्या शोधनिबंधात पहिलं नाव त्याचं टाकू.”

तो म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. आमच्याच वर्गात होता. वाईट पोरगा न्हवता, माझ्याशी कधी वाकडं बोलला न्हाई. तो लॅबमध्ये यायचाच न्हाई, तर बोलणार कधी? गाडीतनं यायचा, सही करायचा, जायचा. मी विचारलं, सर, माझं नाव? ते म्हणाले, “आहे की. शेवटी आहे. कुणीतरी शेवटी असतंच.”

मी तेही गिळलं.

त्यानंतर कॉलेजात उद्योजकांचा मेळावा ठरला. बियाण्यांच्या कंपन्यांचे मालक, सळईच्या कारखान्यांचे मालक, असे जालन्यातले पैसेवाले लोक येणार होते. आमची संस्था औषध तयार करते हे अध्यक्षांना त्यांना दाखवायचं होतं. अध्यक्षांना स्वतःला गुडघेदुखी होती. मंग सरांच्या डोक्यात आलं, स्टेजवरच साहेबांच्या गुडघ्याला जेल लावायचं. साहेब उठून चालून दाखवतील. टाळ्या.

मी सरांना सांगितलं, माणसावर लावायचं तर एथिक्स समितीची परवानगी लागते, आणि जेलने लगेच तसा फरक दिसत न्हाई, औषध उतरायला वेळ लागतो. ते म्हणाले, “हेच तर. तुझं जेल लावलं की काहीच वाटत नाही. चालतं की नाही ते सायन्स. वाटतं की नाही ते मार्केट.”

आणि त्यांनी पुतण्याला हाताशी धरून माझ्या जेलमध्ये मिरचीचा अर्क मिसळायला लावला. गरम वाटावं म्हणून. पुदिन्याचं सत्त्वही वर आणखी ओतलं. मी शेजारच्या टेबलावर भांडी धूत होते. जेलचा रंग बदलून नारिंगी झाला. वजनकाटा झाकलेलाच होता. कुणी काही मोजलं न्हाई. मी हात पुसत गेले आणि म्हणाले, “सर, कातडीला सैल करायचं आधीच यात आहे. त्यात मिरची गेली तर आग होईल.”

सर म्हणाले, “तुझ्या कातड्याला कुणी विचारलं नाही.”

पुतण्या खाली बघत ढवळत राहिला.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. पुतण्याने सूट घातला होता. पडद्यावर माझ्या नळ्यांचे फोटो, माझे आलेख, एका फोटोत माझा हातही होता, मनगटापर्यंत. त्याच्या वर त्याचं नाव. तो वाचत होता आणि औषधाच्या नावावर अडखळत होता. मी मागं भिंतीला लागून उभी होते, कारण आम्हा पोरींना पाहुण्यांना पाणी द्यायला ठेवलं होतं.

मंग सर माईकवर आले. म्हणाले, आता प्रत्यक्ष प्रयोग. अध्यक्ष स्टेजच्या मधोमध खुर्चीवर बसले, शिपायाने त्यांची पँट गुडघ्याच्या वर दुमडून दिली. सरांनी हॉलवर नजर फिरवली आणि मला हात केला.

“ए कातडी, इकडे ये. साहेबांच्या गुडघ्याला लाव.”

माईक चालू होता. ते नाव सगळ्या हॉलमध्ये घुमलं. पाहुण्यांना अर्थ कळला न्हाई, पोरं हसली म्हणून तेही हसले. सर खुलले. म्हणाले, “हिच्या हाताला सवय आहे. घरी मेंढरांचे खूर चोळतात.”

पुन्हा हसले.

मी ट्रे खाली ठेवला. चालत गेले. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात काहीच न्हवतं. लावून टाकू, मोकळं होऊ, सही घेऊ, जाऊ. एवढंच. स्टेजच्या पायऱ्या चढले. सरांनी नारिंगी जेलची डबी माझ्या हातात दिली. अध्यक्ष शेजारच्या पाहुण्याशी बोलत होते, कुठल्यातरी प्लॉटबद्दल. बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, त्यांनी पाय पुढं केला.

तो पाय. पायताणासहित. पुढं करायचा आणि कुणीतरी खाली असणारच हे ज्याला बघावंही लागत न्हाई, असा पाय.

मी वाकायला लागले होते. कंबरेत वाकले होते, हे मला नीट आठवतं. तिथंच थांबले. आणि सरळ झाले.

मला आजपर्यंत लोक विचारतात, इतकी हिंमत कुठनं आली. हिंमत न्हवती ती. किळस होती. माझी मलाच.

मी डबी सरांच्या हातात परत दिली. माईक त्यांच्या छातीपाशीच होता, म्हणून मी काय बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“सर, कातडं मी आणलं. जेल मी केलं. या डबीत तुम्ही काय मिसळलं ते मी केलेलं न्हाई. गुडघा तुम्ही चोळा.”

अध्यक्षांनी बोलणं थांबवून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांनाही सांगितलं, “साहेब, यात मिरचीचा अर्क आहे, न मोजता टाकलेला. कुणावर तपासलेला न्हाई. लावून घेऊ नका.”

अध्यक्षांनी सरांना विचारलं, “काय म्हणते ही?”

तिथं सर थांबू शकले असते. डबी बाजूला ठेवली असती तर एवढ्यावर भागलं असतं. पण माझं ऐकलं असं दिसलं असतं ना. ते हसले. म्हणाले, काही नाही साहेब, पोरगी घाबरली. आणि ते खाली बसले. इस्त्रीच्या पँटमध्ये, दोन्ही गुडघे टेकून, त्या पायापुढं. पहिल्या रांगेतल्या लोकांना दिसावं म्हणून डबी अर्धी रिकामी केली आणि उघड्या हाताने चोळायला लागले. खालून वर. वरून खाली. मोठ्या भक्तीने.

मी तिथनं हलले न्हाई. दोन हात मागं बांधून उभी राहिले आणि बघितलं. त्यांच्या टकलाची कड मला वरनं दिसत होती. वर्षभर मी त्यांना खालनंच बघितलं होतं.

आधी थंड लागलं असणार. अध्यक्ष म्हणाले, “वा, बरं वाटतंय.” टाळ्या पडल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं, जिंकल्यासारखं. कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी हातानेच पुसला. डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.

मिरची सावकाश चढते. पाहुण्यांचे सत्कार चालू झाले तेव्हा ती चढली. अध्यक्षांनी आधी पाय हलवला, मंग झटकला, मंग गुडघ्यावर गार पाण्याची बाटली ओतली. गुडघा लाल भडक झाला होता. पाण्याने ते निघत न्हाई, पसरतं. मी शिपायाला म्हणाले, खोबरेल तेल आण, तेलाने पुसून मंग साबणाने धू. साहेबांसाठी मी ते केलं. मी औषधवाली आहे, माणसाला जळत ठेवणं मला शिकवलेलं न्हाई. सरांसाठी मी काही केलं न्हाई. ते डोळे घट्ट मिटून, हात पुढं धरून, भिंत चाचपत बाथरूमकडं निघाले होते. कुणीतरी त्यांचा दंड धरला. माईकवर निवेदक बोलतच होता.

मला बरं वाटलं. हे मी लपवत न्हाई. आतून, पोटातून बरं वाटलं. आज हे सांगताना पण वाटून राह्यलंय.

त्याची किंमत आठवड्याच्या आत मागितली गेली. गावाकडं फोन गेला आणि आबाला बोलवून घेतलं. मला कळलं तेव्हा तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभा होता. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. दुखरा गुडघा वाकडा करून, दाराच्या चौकटीला टेकून तो उभा होता. प्राचार्य बोलत होते, सर बाजूला बसले होते. अर्थ एवढाच होता की पोरीने संस्थेचा अपमान केला, जेलमध्ये गडबडही तिनेच केली असणार. आता त्याच हॉलमध्ये सगळ्यांसमोर अध्यक्षांचे पाय धरून माफी मागावी. न्हाई तर गाईड सही करणार न्हाईत.

आबाने विचारलं, “तिच्या ऐवजी म्या मागितली तं चालंल का?”

सर म्हणाले, “सुरुवात तर करा.”

आणि माझा बाप वाकला. चौकट सोडली, दोन पावलं पुढं आला, आणि सरांच्या पायाकडं वाकायला लागला. त्याला वाकता येईना. गुडघा दुमडत न्हवता. तो एका हाताने टेबल धरून, एक पाय मागं ताणून, खाली खाली जात होता आणि सर पाय मागं घेत न्हवते. वाट बघत होते.

मी आबाच्या काखेत हात घातला आणि त्याला उचललं. उभा केला. माझ्यापेक्षा हलका लागला तो.

सरांना म्हणाले, “आता तुम्हाला सोडत न्हाई.”

एवढंच बोलता आलं. बाहेर आलो तर आबा माझ्यावरच चिडला. म्हणाला, दोन मिनिटाचं काम होतं, तुझी डिग्री गेली, आता काय शेळ्या राखणार का. भोकरदनच्या गाडीत खिडकीपाशी बसला. राजूर मागं पडल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, “वाकताना लई दुखलं. बरं केलं उचललंस.”

त्याच्या तोंडून मी याआधी दुखलं हा शब्द ऐकला न्हवता. दुखायला लागलं की तो गोळी मागायचा, दुखतंय असं म्हणायचा न्हाई.

मी विद्यापीठाकडं तक्रार केली. वकिलाकडं गेल्ते, तर तो म्हणाला, जातीवरून बोलले हे खरं, पण तुमची जात ॲट्रॉसिटीच्या कायद्यात बसत नाही. म्हणजे माझा अपमान करायला माझी जात पुरेशी होती, तक्रारीला न्हवती. साक्षीला कुणी आलं न्हाई. अख्ख्या हॉलने ऐकलं होतं, माईकवरनं ऐकलं होतं. माझ्या खोलीत राहणारी, माझ्या डब्यातनं जेवणारी मैत्रीण म्हणाली, मी तेव्हा पाणी आणायला गेले होते. ती माझ्या शेजारी उभी होती. पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, सॉरी, काकांना काय सांगू. चौकशी झाली आणि दोन्ही बाजूंनी गैरसमज झाला असं ठरलं. मला दुसरा गाईड मिळाला, दुसऱ्या कॉलेजात, संभाजीनगरला. जुनं काम संस्थेचं, ते मला नेता येणार न्हाई असं सांगितलं. मी सगळं पहिल्यापासून केलं. पांढरी भुकटी पाण्यात टाकण्यापासून. वर्ष वाया गेलं. पण पुन्हा तीच बारीक मधली जागा सापडली, आणि या वेळी पहिलं नाव माझं आलं.

आता मी तिथल्याच एका कंपनीत आहे. मलम आणि जेल तयार करणाऱ्या विभागात. माझ्या हाताखाली माणसं आहेत. मी त्यांना नावाने हाक मारते. आबा माझं जेल लावतो. दुखणं कमी झालंय, झिजलेला गुडघा भरून येत न्हाई. तो काही आता माळावर जाणार न्हाई. लोक म्हणतात, बघ, सगळं चांगलंच झालं की, आता सोडून दे.

सर आता त्याच कॉलेजचे प्राचार्य आहेत.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज गोड. कॉलेजच्या कार्यक्रमात माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, तुझं नाव सगळ्यात वर ठेवलंय, तू आमचा अभिमान आहेस, आबांनाही घेऊन ये, गाडी पाठवतो. मी ऐकून राह्यले होते. मंग म्हणाले, “तेव्हाचं काही मनात ठेवू नको बाळ.”

मी म्हणाले, “ठेवलंय.”

आणि फोन ठेवून दिला.

तो फोन अभिमानासाठी न्हवता. शहागडकडची एक मुलगी आहे, आता त्याच कॉलेजात शिकते. वडार समाजाची. तिला सर लॅबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, तुला काचेची भांडी नको देऊ, तुमच्या हाताला दगडच बरे. तिने तक्रार केली आहे. तिला कुठून तरी माझं नाव कळलं, ती फोनवर बोलली. रडली न्हाई, हे मला आवडलं. तिने एकच विचारलं, “ताई, तुम्ही याल का? साक्षीला कुणीच तयार न्हाई.”

त्याच्या दोन दिवसांनी सत्काराचं निमंत्रण आलं. तारीख पण सुनावणीच्या आदल्या दिवसाची. त्यांना वाटलं, शाल घातली की माझं तोंड बंद होईल.

मी शाल घ्यायला जाणार न्हाई. मी दुसऱ्या दिवशी जाणार आहे. रजा टाकली आहे. त्या मुलीला सांगितलंय, घाबरून वाक्य मऊ करू नको, जसं बोलले तसं सांग, शब्दाला शब्द. मी माझं पण तसंच सांगणार आहे. माझ्यासोबत त्या वर्षी शिकलेल्या पोरांना मी एकेकाला फोन लावते आहे. तिघं तयार झाली. त्यातली एक माझी खोलीतली मैत्रीण. ती म्हणाली, तेव्हा मी घाबरले होते. मी तिला माफ केलेलं न्हाई, पण तिची साक्ष घेणार आहे.

आबा म्हणतो, देव बघून घेईल. देवाने बघेपर्यंत हा माणूस रिटायर होऊन जाईल, पेन्शन खाईल, हार घालून घेईल. ते मला नको आहे. चौकशी समिती विचारेल, तुम्हाला काय पाहिजे. माझं उत्तर तयार आहे. मला त्याची माफी नको. मला समजूत नको, गैरसमज हा शब्द नको, मधला रस्ता नको. त्या माणसाच्या हातात पुन्हा कुठल्याही पोराच्या डिग्रीची सही असता कामा नये. ती खुर्ची त्याच्याकडनं गेलेली मला बघायची आहे. या सुनावणीत न्हाई गेली, तर पुढच्या. ही मुलगी थकली, तर मी तक्रार करीन. मी थकले, तर तिसरी शोधून काढीन. त्याने एवढ्या वर्षांत एवढ्यांना दुखवलंय, की मला माणसं कमी पडणार न्हाईत.

याला लोक सूड म्हणतात. म्हणू द्या. मी पण सूडच म्हणते.